एक जुनी, एक नवी

कान्हा व्याघ्र प्रकल्पाचं मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात आहे. २०१८ च्या व्याघ्रगणनेत कान्हासह देशभरातल्या जंगलांत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बांधले होते. त्यांनी टिपलेली छायाचित्रं भरली ३,४८,५८,६२३, आणि त्यांतली वाघांची ७६,६५१. कॅमेऱ्यांच्या साहाय्यानं केलेलं जगातलं सर्वांत मोठं वन्यजीव सर्वेक्षण म्हणून गिनीज बुकात त्याची नोंद झाली. आकडा मोठा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं हे की यांतलं एकही चित्र पुन्हा काढता येणार नाही. तोच वाघ उद्या त्याच वाटेनं गेला तरी चित्र उद्याचं असेल. बालाघाटच्या किंवा वारासिवनीच्या फोटो स्टुडिओवाल्याचंही असंच. त्याच नवरीची हळद पुन्हा लावता येत नाही, आणि त्या हळदीचं चित्रीकरण ज्या हार्ड डिस्कवर आहे ती बंद पडली तर तिच्या आईला काय सांगायचं, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

म्हणून जाणती माणसं अशा कामासाठी एका डिस्कवर विसंबत नाहीत, दोन लावतात. जे लिहायचं ते संगणक दोन्हींवर एकाच वेळी लिहितो. एक बंद पडली तर दुसरीवरून काम चालू राहतं. बंद पडलेली काढून नवी बसवली की जिवंत डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरतं आणि जोडी पुन्हा पूर्ण होते. या रचनेला मिरर म्हणतात, तांत्रिक नाव रेड-१. ४ टीबीच्या दोन डिस्क लावून जागा मिळते ४ टीबीचीच. हा खर्च मी तरी कधी वाया गेलेला मानत नाही.

खरा प्रश्न जोडी कशी निवडायची हा आहे. गोंदियाच्या किंवा नागपूरच्या दुकानात मिरर करायचाय म्हटलं, की दुकानदार एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, पुष्कळदा एकाच खोक्यातून निघालेल्या दोन डिस्क समोर ठेवतो. दोन्ही सारख्या, दोन्ही कोऱ्या. गिऱ्हाईक समाधानानं घरी जातं. माझं मत याच्या उलट आहे. छोट्या कामाच्या मिररमध्ये एक पारखलेली जुनी आणि एक नवी ही जोडी अधिक भरवशाची असते. मात्र जुनी म्हणजे किती जुनी आणि नवी म्हणजे खरोखरच नवी का, हे तपासण्याची तयारी हवी.

आधी ही वस्तू आतून काय असते ते पाहू. ॲल्युमिनियमच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. त्यांच्यावरून वाचणारं-लिहिणारं डोकं काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगतं. हे डोकं ज्या दांडीला असतं ती हलवते तांब्याच्या तारेची एक छोटी गुंडाळी. ज्या तांब्यासाठी बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडचा डोंगर खणला गेला, त्याच धातूची ही केसासारखी बारीक तार. मोटर, बेअरिंग, गुंडाळी, डोकं यांपैकी काहीही झिजू शकतं. त्यामुळे डिस्क जाणार हे गृहीतच धरायचं. विचार करायचा तो कधी आणि कोणाबरोबर जाणार याचा.

मिररची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या टँडम कंपनीनं १९७६ मध्ये बँका आणि शेअर बाजारांसाठी न थांबणारे संगणक विकायला सुरुवात केली, तेव्हापासूनच त्यांत डिस्कच्या जोड्या होत्या. पुढे १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध लिहून स्वस्त डिस्कच्या समूहांची पाच पातळ्यांत मांडणी केली. रेड हे नाव त्यातूनच रूढ झालं, आणि मिररला तिथं पहिली पातळी मिळाली. त्या काळच्या हिशोबात एक गृहीतक होतं: प्रत्येक डिस्क स्वतंत्रपणे मरते, एकीच्या मरणाचा दुसरीशी संबंध नसतो.

हे गृहीतक मान्य केलं तर मिरर जवळजवळ अभेद्य ठरतो. समजा डिस्क बंद पडण्याचं प्रमाण वर्षाला शंभरात ३ आहे. एक गेली आणि तिच्या जागी दुसरी बसवायला तीन दिवस लागले, तर नेमक्या त्या तीन दिवसांत उरलेली जाण्याची शक्यता ४,००० त एक. मुळात एक तरी जाण्याची शक्यता वर्षाला शंभरात ६. दोन्ही गुणले की दहा लाख जोड्यांमागे वर्षाला १५ जोड्या संपूर्ण बुडतील. एवढ्या भरवशावर कोणीही शांत झोपेल.

व्यवहारात मात्र मिरर याहून कितीतरी जास्त वेळा बुडतात. का, याची उत्तरं २००७ मध्ये मिळू लागली. त्या वर्षी एकाच परिषदेत दोन मोठे अभ्यास मांडले गेले, दोन्ही साधारण लाखभर डिस्कवर आधारलेले. एक गुगलच्या तिघांचा, दुसरा कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. होय, १९८८ च्या निबंधातलेच गिब्सन. स्वतःच्या हिशोबामागचं गृहीतक १९ वर्षांनी प्रत्यक्ष आकड्यांवर घासून पाहणारा माणूस मला फार मोठा वाटतो. कंपन्या आपल्या डिस्कची सरासरी आयुर्मर्यादा १० लाख तास, म्हणजे सुमारे ११४ वर्षं, छापत होत्या. त्यानुसार वर्षाला शंभरात एकसुद्धा बदलावी लागू नये. प्रत्यक्षात २ ते ४ बदलणं सर्रास होतं आणि काही ठिकाणी हे प्रमाण १३ पर्यंत गेलं होतं. शिवाय बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते. ते दाटीवाटीनं, मागोमाग येत होते.

असं का व्हावं? एकाच खोक्यातल्या दोन डिस्क एकाच आठवड्यात, त्याच यंत्रावर, त्याच घडणीच्या बेअरिंगनिशी बनतात. एकाच गाडीतून आदळत येतात, एकाच दिवशी सुरू होतात. मिररमध्ये असल्यामुळे त्यांच्यावर लिहिलंही जातं अगदी तेवढंच. उन्हाळा तोच, विजेचा झटका तोच. घडणीत एखादा दोष असेल तर तो दोघींत असतो. डेटा साठवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या डिस्कचे आकडे जाहीर करते. त्यांत सीगेटच्या ३ टीबीच्या एका मॉडेलचं मरण्याचं प्रमाण त्याच काळातल्या इतर मॉडेलांपेक्षा कितीतरी अधिक निघालं. ज्यांच्या मिररमध्ये दोन्ही डिस्क त्या मॉडेलच्या होत्या त्यांच्या हाती प्रती दोन होत्या, पण दोन्ही सारख्याच कच्च्या.

याचं सर्वांत लखलखीत उदाहरण फिरणाऱ्या तबकड्यांचं नाही, एसएसडीचं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये हिउलेट पॅकार्ड एंटरप्राइजनं सर्व्हरमध्ये बसणाऱ्या आपल्या काही एसएसडीबद्दल तातडीची सूचना काढली. त्यांच्या फर्मवेअरमध्ये असा दोष होता की चालू राहण्याचे ३२,७६८ तास पूर्ण होताच एसएसडी मरायची आणि तिच्यावरचं काहीही परत मिळायचं नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. तासांची मोजणी ठेवणारा आकडा ज्या जागेत मावत होता ती तिथं संपत होती. काही महिन्यांनी, २०२० च्या मार्चमध्ये, दुसऱ्या काही मॉडेलांत ४०,००० तासांवर हाच प्रकार असल्याचं जाहीर झालं. आता मिरर डोळ्यांपुढे आणा: दोन्ही एसएसडी एकाच सकाळी सुरू केलेल्या. पावणेचार वर्षांनी दोन्ही एकाच तासाला जाणार. त्यांतली एक वर्षभर जुनी असती तर पहिलीच्या मरणानं सावध व्हायला मालकाला एक वर्ष मिळालं असतं.

जुनी-नवी जोडीमागचं सगळं तत्त्व या एका वर्षाच्या अंतरात आहे. दोघींची वयं वेगळी, घडणीची तारीख वेगळी, जमल्यास कंपनीही वेगळी. म्हणजे त्यांची कमजोरी वेगळी, आणि मरणाची वेळही बहुधा वेगळी.

याची किंमत द्यावी लागते. पहिली किंमत जागेची: मिररची जागा लहान डिस्कएवढीच. जुनी २ टीबीची आणि नवी ४ टीबीची असेल तर वापरता येतात २ टीबी. दोन्हींवर २ टीबी छापलेलं असलं तरी वेगळ्या कंपन्यांच्या डिस्कमध्ये काही सेक्टरांचा, म्हणजे डिस्कवरच्या सर्वांत लहान कप्प्यांचा, फरक निघू शकतो, आणि नवी जुनीपेक्षा एका सेक्टरनं जरी लहान भरली तरी ती जोडीत बसत नाही. त्यामुळे मिरर बांधतानाच विभागाच्या शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडावेत. दुसरी किंमत वेगाची. लिहिणं दोन्हींवर पूर्ण झालं तरच झालं म्हणायचं, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाशेजारी गोऱ्हा जुंपल्यावर औत म्हाताऱ्याच्याच चालीनं चालतं, तसं इथं होतं. वाचण्याचं तसं नाही. लिनक्सच्या मिररमध्ये मंद डिस्कवर ‘राइट-मोस्टली’ अशी खूण करता येते. मग वाचन होता होईल तो वेगवान डिस्कवरूनच होतं आणि जुनीचे कष्टही वाचतात. ही सोय फार कमी लोक वापरतात, याची मला हळहळ वाटते.

तिसरी किंमत लपलेली असते. नव्या डिस्कमध्ये, विशेषतः स्वस्त डिस्कमध्ये, चुंबकीय पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवून लिहिण्याची पद्धत असू शकते. तिला एसएमआर म्हणतात. साध्या वापरात फरक जाणवत नाही, पण जोडी पुन्हा उभारताना सलग कित्येक तास लिहावं लागतं तेव्हा अशी डिस्क गुदमरते, आणि कधीकधी संगणक तिला बिघडलेली समजून बाहेर काढतो. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, मुद्दाम अशा जोड्यांसाठीच विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क न सांगता एसएमआर केलेल्या असल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ उठला. म्हणून जुनीची जोडीदार घेताना, पट्टे एकमेकांवर न चढवणारी, सीएमआर असं स्पष्ट लिहिलेलीच डिस्क मागायची. घरगुती डिस्कचा दुसरा गुण म्हणजे चिवटपणा: खराब जागा वाचायला ती मिनिटभरसुद्धा झगडत बसते. मिररसाठी बनवलेली डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून दुसरीकडून घ्या म्हणते. लिनक्स मुळात ३० सेकंदच वाट पाहतं, त्यामुळे तो चिवटपणा इथं अंगाशी येतो. जुनी डिस्क साध्या संगणकातून काढलेली असेल तर ही वेळ बदलता येते का ते आधी पाहावं.

जुनी कोणती घ्यायची? जुनी म्हणजे अडगळीतली नव्हे. प्रत्येक डिस्क स्वतःची आरोग्यनोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ती दाखवतात, दोन्ही फुकट. त्यात क्रमांक ९ म्हणजे चालू राहिलेले तास, ५ म्हणजे खराब निघून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. शेवटच्या तिन्हींसमोर शून्य असेल तरच ती डिस्क जोडीला घ्यावी. यात मी सूट देत नाही. गुगलच्या अभ्यासात, तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट निघाली होती. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी.

पण शून्य म्हणजे अभयदान नाही. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी शंभरात ५६ हून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणून नोंद वाचून थांबायचं नाही, पूर्ण डिस्क एकदा वाचून काढायची. मोठ्या डिस्कवर या चाचणीला दिवस जातो, जाऊ द्यावा. वयाचं म्हणाल तर दोन-तीन वर्षं व्यवस्थित चाललेली डिस्क मला आदर्श वाटते. सुरुवातीचे घडणीतले दोष असते तर ते एव्हाना दिसले असते, आणि झिजेचा काळ अजून पुढे आहे. सहा-सात वर्षांची असेल तर ती जोडीत घेऊ नये.

नवीवरही आंधळा विश्वास नको. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या मोठ्या डिस्कबद्दल एक फसवणूक उघड झाली: हजारो तास चाललेल्या डिस्क तासांची नोंद शून्य करून नव्या म्हणून विकल्या जात होत्या. सीगेट डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक खोलवरची नोंद असते. ती फसवणाऱ्यांनी पुसली नव्हती आणि तीच पुराव्याला आली. स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्त्या ही नोंद वाचतात. दोन्ही आकडे जुळवून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि परत करण्याची मुदत असताना हे केलं तर पैसे वाचतात.

आता प्रत्यक्ष काम. समजा एखाद्या स्टुडिओत चार वर्षांपूर्वी एकदम घेतलेल्या दोन डिस्कचा मिरर आहे आणि दोन्ही ठीक चालताहेत. दोन्ही एकदम बदलण्याचा मोह होतो; तो टाळावा. एकच बदलावी, दुसरी वर्ष-दीड वर्षानं. बदलतानाही आधी काढून मग घालू नये. लिनक्सच्या मिररमध्ये आणि झेडएफएस या फाइल-व्यवस्थेत तिसरी डिस्क जोडता येते. नवी तिसरी म्हणून जोडावी, तिच्यावर सगळं उतरू द्यावं, आणि मगच जुन्यांपैकी एक सोडवावी. ८ टीबी उतरायला सेकंदाला १५० एमबीच्या सरासरी वेगानंही सुमारे १५ तास लागतात, आणि एवढा वेळ जुनी डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचली जाते. वर्षानुवर्षं कोणी न उघडलेल्या कोपऱ्यातला खराब सेक्टर नेमका तेव्हा सापडतो. २००७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासात १५.३ लाख डिस्क ३२ महिने पाहिल्या होत्या. त्यांतल्या शंभरात ३.४५ डिस्कवर असे लपलेले सेक्टर निघाले. तिघी जोडलेल्या असतील तर एकीचा खराब सेक्टर दुसरीवरून भरून निघतो. एकच उरलेली असेल तर ती जागा कायमची गेली. दोनच डिस्क मावणारी पेटी असेल तर आधी सगळ्याची बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्यावी आणि मगच पेटीला हात लावावा.

लपलेले सेक्टर वेळेत सापडावेत म्हणून मिरर नियमानं पूर्ण वाचून काढावा. डेबियन लिनक्स हे काम महिन्याच्या पहिल्या रविवारी आपण होऊन करतं. झेडएफएसमध्ये त्याला स्क्रब म्हणतात. इथं दोघांत एक महत्त्वाचा फरक आहे. साध्या मिररला दोन प्रती वेगळ्या निघाल्याचं कळतं, पण खरी कोणती ते कळत नाही. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज वेगळी ठेवतं, त्यामुळे चुकलेली प्रत ओळखून ते बरोबर प्रतीवरून दुरुस्त करतं. जोडीतली एक वयस्क असेल तर ही सोय मला जवळजवळ अत्यावश्यक वाटते. अडचण एकच: जुन्या काळी ५१२ बाइटच्या सेक्टरांवर बांधलेल्या झेडएफएसमध्ये फक्त ४,०९६ बाइटचे सेक्टर असलेली नवी डिस्क जोडता येत नाही. तिथं नव्यानं रचना करून डेटा हलवण्यावाचून इलाज नाही.

बालाघाटात याला हवामानाची जोड मिळते. मे महिन्यात बंद दुकानातली पेटी किती तापते ते तिथं काम करणाऱ्यालाच ठाऊक. गुगलला एकूण डिस्कमध्ये उष्णतेचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी दिसला, पण तीन वर्षांपुढच्या डिस्कमध्ये जास्त तापलेल्या अधिक मरत होत्या. म्हणून पेटीत पंख्याजवळची जागा जुनीला द्यावी. पावसाळ्यात लाइट जाते-येते; दोन्हींवर एकाच वेळी लिहिताना मध्येच वीज गेली तर एकीवर लिहिलं जातं आणि दुसरीवर राहतं. यूपीएस इथं चैनीची वस्तू नाही. ती घ्यायला पैसे कमी पडत असतील तर नवी डिस्क थोडी लहान घ्यावी, पण यूपीएस घ्यावी.

आणि वीज पेटीवरच पडली तर जुनी-नवी असा भेद राहत नाही. चोर पेटीसकट नेतो. कोणी चुकून एखादं लग्न पुसलं तर ते दोन्हींवरून त्याच क्षणी पुसलं जातं, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस दोन्हींना सारखाच लागतो. मिरर काम थांबू देत नाही, एवढंच त्याचं वचन. वेगळी प्रत वेगळ्या ठिकाणीच हवी. मराठीनं हे फार पूर्वी सोसलंय: लीळाचरित्राची मूळ पोथी ‘खालशाची धाड’ म्हणतात त्या हल्ल्यात हरवली आणि महानुभाव पंथीयांना ती आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली, म्हणून आज तिचे वेगवेगळे पाठ आपल्या हाती आहेत. त्या मंडळींकडे निदान पाठांतर तरी होतं. हळदीच्या चित्रफितीचं पाठांतर नसतं.

इथं जोडीतून सोडवलेली ती चार वर्षांची डिस्क कामाला येते. ती विकू नये, पोरांना खेळ साठवायला देऊ नये. तिच्यावर सगळ्याची पूर्ण प्रत घ्यावी, वर तारीख आणि चालू तासांचा आकडा लिहून चिकटवावा, आणि ती दुसऱ्या गावी, बालाघाटचा स्टुडिओ असेल तर गोंदियाच्या मामाकडे किंवा वारासिवनीच्या बहिणीकडे, कोरड्या कपाटात ठेवावी. दर सहा महिन्यांनी आणून नवी प्रत चढवावी आणि स्मार्टची नोंद पाहावी. बराच काळ न फिरलेली डिस्क सुरू होताना अडते का, तेही त्याच वेळी कळतं. पुढच्या वर्षी जोडीतली दुसरी जुनी सुटेल तेव्हा ती या कपाटात जाईल, आणि कपाटातलीचे तीन आकडे तोवर शून्यच राहिले असतील तर ती चौथी प्रत म्हणून तिसऱ्या घरी.